उपचार घेतले म्हणून मूल काढून घेत नाहीत: घराच्या मानसिक आरोग्यासाठी कायद्यात काय काय आहे

बडोद्यात कारेलीबागेच्या मानसिक आरोग्य रुग्णालयात किंवा सयाजी हॉस्पिटलच्या मनोविकार ओपीडीत केसपेपर काढायला येणाऱ्या आईच्या मनात आजारापेक्षा मोठी एक धास्ती असते. इथे नाव चढलं की उद्या सासरचे ‘वेडी’ म्हणतील आणि पोर हिरावून घेतील. बापाची धास्ती निराळी. गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा व्यसनाचं नाव काढलं तर पोलीस दारात येतील, असं त्याला वाटतं. या भीतीपायी माणसं महिनोन् महिने घरातच कुढत राहतात. झोप उडालेली, चिडचिड वाढलेली, घरात पैसा नाही, आणि या सगळ्याचा राग निघतो तो घरातल्या सर्वांत लहान माणसावर.

मुलांवरचे अत्याचार म्हटलं की लोकांना पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा आठवतो, म्हणजे गुन्हा, अटक, शिक्षा. ते हवंच. पण मुलाला इजा होण्याच्या आधी घराला सावरायच्या तरतुदीही आपल्या कायद्यात आहेत. त्या एका ठिकाणी नाहीत, पाच-सहा कायद्यांत विखुरलेल्या आहेत, आणि बहुतेक मागितल्याशिवाय मिळत नाहीत. कोणती कुठे आहे आणि कुणाकडे मागायची, ते इथे सांगतो.

आधी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मानसिक आजार असलेले बहुसंख्य आईवडील मुलाच्या केसालाही धक्का लावत नाहीत. धोका वाढतो तो उपचार न झालेला आजार, व्यसन, कर्ज, घरातली मारहाण आणि एकटेपण यांतलं बरंच काही एकदम अंगावर येतं तेव्हा. म्हणून यातली एक गाठ जरी सुटली, तरी मुलाचं घर बऱ्यापैकी सुरक्षित होतं.

मूल कुणाकडे राहणार?

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 3 मध्ये स्पष्ट लिहिलंय की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून तो माणूस ‘मनाने अक्षम’ ठरत नाही. तसं ठरवायचा अधिकार फक्त सक्षम न्यायालयाला आहे. नवऱ्याच्या हातातल्या प्रिस्क्रिप्शनला तो नाही, सासूच्या सांगण्याला तर नाहीच.

याच कायद्याचं कलम 21 लहान बाळाच्या आईसाठी फार मोलाचं आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या आईचं तीन वर्षांखालचं मूल एरवी तिच्यापासून वेगळं करायचं नाही. वेगळं करायचंच झालं तर मनोविकारतज्ज्ञाने तिला तपासून, गरज वाटल्यास इतरांकडून माहिती घेऊन, आजारामुळे बाळाला धोका आहे किंवा बाळाच्या सुरक्षिततेसाठी ते गरजेचं आहे असं ठरवावं लागतं. तरीसुद्धा देखरेखीखाली तिला बाळाला भेटू द्यावं लागतं. हा निर्णय दर 15 दिवसांनी पुन्हा तपासायचा असतो, आणि ताटातूट 30 दिवसांच्या पुढे न्यायची तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते. दाखल होताना घरच्यांनी हे कलम तोंडी न सांगता अर्जात लिहून द्यावं. वॉर्डात जागा नाही, बाळाला संसर्ग होईल, अशा कारणांनी बाळाला घरी पाठवून देण्याकडे कल असतो. कलम लेखी पुढे ठेवलं की निर्णय डॉक्टरांना कारणासह नोंदवावा लागतो.

अपंग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये मानसिक आजार हाही अपंगत्वाचा एक प्रकार धरलेला आहे. त्याचं कलम 9 म्हणतं की अपंग मुलाची अपंगत्वाच्या कारणावरून आईवडिलांपासून ताटातूट करायची नाही. मुलाच्या हितासाठी ती गरजेची असेल तर फक्त सक्षम न्यायालयाच्या हुकमाने. हे कलम आपल्याकडे क्वचितच कुणी पुढे करतं. मूल स्वतः अपंग असेल, तर आमच्या मते वकिलाने ते पहिल्या अर्जात घालायला हवं.

घटस्फोटाचा किंवा ताब्याचा दावा चालू असताना समोरच्याने आजाराचे कागद कोर्टात टाकले तर? 2017 च्या कायद्याचं कलम 105 त्यासाठीच आहे. तो पुरावा तुम्ही नाकारलात, तर न्यायालयाने प्रकरण याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवायचं असतं. मंडळ स्वतः किंवा तज्ज्ञांच्या समितीकडून तपासणी करून मत कळवतं. म्हणजे चार वर्षांपूर्वीची झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवून कुणाला बाजी मारता येऊ नये, अशी सोय आहे. पण त्यासाठी ‘हे आम्हाला मान्य नाही’ असं लेखी म्हणावं लागतं. गप्प बसलं की कागद तसाच पुराव्यात जातो.

बाल न्याय कायदा 2015 चा आहे आणि 15 जानेवारी 2016 पासून लागू आहे. त्यात ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल’ कोण, याची मोठी यादी आहे. आईवडील मुलाला सांभाळायला असमर्थ आहेत असं बाल कल्याण समितीने चौकशी करून ठरवलं, तर ते मूल त्या यादीत येतं. यात आजाराचं नाव महत्त्वाचं नाही. मुलाला खायला मिळतंय का, शाळेत जातंय का, त्याच्या अंगावर मार आहे का, घरात दुसरं कुणी जबाबदार माणूस आहे का, हे पाहिलं जातं. आणि मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचाच उपाय, हे कायद्याच्या मूलतत्त्वांतच, कलम 3 मध्ये, लिहून ठेवलंय.

उपचार मिळवताना

2017 च्या कायद्याचं कलम 18 प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क देतं. दारिद्र्यरेषेखालच्या आणि निराधार माणसांना त्या मोफत मिळायला हव्यात. अत्यावश्यक यादीतली औषधंही सरकारी केंद्रावर फुकट मिळायला हवीत. औषध ‘स्टॉकमध्ये नाही’ म्हणून बाहेरचं लिहून दिलं, तर चिठ्ठीवर तसं लिहून घ्या आणि बिल जपून ठेवा. घरातून निघणं अवघड असेल तर 14416 वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आहे. ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत.

विमा असेल तर कलम 21 मध्येच आणखी एक ओळ आहे: शारीरिक आजाराला जसं संरक्षण, तसंच मानसिक आजारालाही विमा कंपनीने द्यायचं. दावा फेटाळला तर नेमकं हे कलम लिहून पुन्हा अर्ज करा.

व्यसनाचं काय? कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजारातच मोडतात. म्हणून दारू सोडवायला आलेला माणूस रुग्णच आहे. कलम 23 प्रमाणे त्याची माहिती गुप्त राहते. ती कधी सांगायची याचे अपवाद ठरलेले आहेत: कुणाच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा टाळायची असेल, कोर्टाने किंवा मंडळाने मागितली असेल. माणूस दारू पितो एवढ्यासाठी डॉक्टरने पोलिसांना कळवावं, हे त्यात बसत नाही. बडोद्यातल्या घरांना हे कळलं तर कितीतरी बाप वर्षभर आधी उपचाराला येतील.

गुप्ततेला एक मोठा अपवाद मात्र आधीच सांगायला हवा, तो कुणी सांगत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं, तर डॉक्टर, समुपदेशक, शिक्षक, शेजारी, कुणालाही ते पोलिसांना कळवावंच लागतं. पोक्सोचं कलम 19 तसं सांगतं आणि कलम 21 प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही कारवाई होत नाही. समुपदेशकाने पहिल्या भेटीतच हे सांगितलं पाहिजे, म्हणजे पुढे विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही.

आजार पुन्हा पुन्हा उचल खातो अशा घरांनी बरं वाटत असतानाच दोन कागद करून ठेवावेत. पहिला, प्रतिनिधीची नेमणूक. साध्या कागदावर ‘माझ्या उपचाराबाबत अमुक व्यक्ती माझी प्रतिनिधी’ असं लिहून सही किंवा अंगठा. ती व्यक्ती सज्ञान हवी आणि तिची लेखी संमती हवी. नवराच हवा असं नाही. बहीण, मावशी, मैत्रीण, कुणीही चालतं. घरात मारहाण होत असेल तर मारणाऱ्याच्याच हाती हे अधिकार जाऊ नयेत म्हणून हा कागद फार उपयोगी पडतो. कुणाला नेमलेलं नसेल तर कायद्याच्या क्रमाने बहुधा जवळचा नातलग पुढे येतो. दुसरा कागद कुठल्याही कायद्यात नाही, पण करा: मी दाखल झाले तर मुलं कुणाकडे राहतील, शाळेची रिक्षा कोण सांभाळेल, कुठलं औषध चालू आहे, डॉक्टरचा नंबर काय. समितीचा कार्यकर्ता घरी आला तर हा कागद त्याच्या हाती द्या. घराने मुलाची व्यवस्था विचार करून लावली आहे, हे त्यावरून दिसतं.

बाळंतिणीबद्दल थोडं वेगळं. पहिल्या काही दिवसांतलं रडू आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांपुढे उदासी राहिली, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर डॉक्टरकडे न्या. बाळाला काही करावंसं वाटतंय असं ती म्हणाली, किंवा तिला भास होऊ लागले, तर त्याच दिवशी न्या, उद्यावर ढकलू नका आणि तोवर दोघांना एकटं सोडू नका. बाळ थांबतच नाही आणि हात उगारला जातोय असं कुणालाही वाटलं, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवायचं, दार लोटून दहा मिनिटं बाहेर यायचं, कुणाला तरी हाक मारायची. रडून बाळाला काही होत नाही. गदागदा हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होतो आणि डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.

पैशाची गाठ

आईवडील आजारी आणि हातात पैसा नाही, अशा घरातल्या मुलासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम 45 मध्ये प्रायोजकत्वाची तरतूद आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून ते मिळतं: मुलामागे महिना 4000 रुपये. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला 72,000 आणि इतरत्र 96,000 रुपये. आई विधवा, घटस्फोटित किंवा टाकलेली असेल, आईवडिलांना जिवावरचा आजार असेल, किंवा पैशाने आणि शरीराने ते मुलांना सांभाळू शकत नसतील, तर मूल पात्र ठरू शकतं. हेतू हा की निव्वळ गरिबीपायी मूल संस्थेत जाऊ नये.

अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. आपल्याकडे पाटीवर गुजरातीत ‘जिल्ला बाळ सुरक्षा एकम’ असं दिसेल. मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाइड, मामलतदार कचेरीतून किंवा जनसेवा केंद्रातून काढलेला आवकनो दाखलो (उत्पन्नाचा दाखला), बँक पासबुक आणि आजाराचे कागद घेऊन जा.

अर्ज अडकतात ते दोन जागी. पहिली जागा म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट. त्यावर नुसतं ‘डिप्रेशन, उपचार चालू’ असं असेल तर कक्षाला त्यावरून काहीच ठरवता येत नाही. आजाराचं नाव, किती काळापासून आहे, आणि त्यामुळे या व्यक्तीला कमावणं किंवा मुलाची रोजची देखभाल करणं सध्या किती जमतं, हे तीन मुद्दे डॉक्टरांना लिहायला सांगा. तिसरा मुद्दा नसला की अर्ज बाजूला पडतो. दुसरी जागा नावाची. गुजरातेत शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी लिहितात, बँकेत नाव आधी. शिर्के कुठे ‘शिरके’ होतं, भोसलेचं ‘भोंसले’ होतं, वडिलांच्या नावामागे कुठे ‘राव’ लागतं, कुठे ‘भाई’. आधार, शाळा आणि बँक या तिन्ही ठिकाणी अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे अर्ज करण्याआधी पाहा. दुरुस्तीला आठवडे लागतात आणि तोवर पैसे थांबतात.

वडील वारले आणि आईने दुसरं लग्न केलं, किंवा दोघंही नाहीत, आणि मूल काका-आजोबांकडे वाढतंय, तर गुजरात सरकारची पालक माता-पिता योजना निराळी आहे. त्यात महिना 3000 रुपये मिळतात. तीही याच कक्षातून.

घरात मारहाण असेल तर

आईला रोज मार बसतो त्या घरात मूल कुठे लपतं, हे कुठल्याही बालवाडीच्या बाईंना विचारा. आईचं रक्षण हेच तिथे मुलाचं रक्षण. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 चा आहे, ऑक्टोबर 2006 पासून लागू. शिव्या, अपमान, मुलगा होत नाही म्हणून टोमणे हेही त्यात ‘भावनिक छळ’ म्हणून येतात. कलम 18 चा संरक्षण आदेश, 19 चा त्याच घरात राहायचा हक्क, 20 खाली खर्च, 21 खाली मुलांचा तात्पुरता ताबा आणि 22 खाली मानसिक त्रासाची भरपाई, हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात लांबतं. म्हणून कलम 23 खालचा अंतरिम आदेश त्याच अर्जात मागायला विसरू नका. बऱ्याच अर्जांत तो राहून जातो. गुजरातेत 181 ला फोन लावला की अभयम या महिला हेल्पलाइनची गाडी आणि समुपदेशक येतात. अर्ज लिहून द्यायला वकील नसेल तर बाई आणि मूल या दोघांनाही उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते; 15100 या कायदेशीर मदतीच्या नंबरवर विचारा किंवा दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात जिल्हा कायदेशीर सेवा प्राधिकरणाकडे जा.

हातून घडलं, किंवा आता झेपतच नाही

बाल न्याय कायद्याच्या कलम 75 प्रमाणे मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मुलाला मारहाण केली, टाकून दिलं, जाणूनबुजून उपेक्षा केली आणि त्यातून विनाकारण शारीरिक किंवा मानसिक क्लेश होतील असं वागला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. आईवडीलही यात येतात. मानसिक क्लेशही येतात. पण याच कलमात एक परंतुक आहे: जन्मदात्या आईवडिलांनी आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडलं असेल, तर ते जाणूनबुजून केलं असं धरायचं नाही.

झेपतच नसेल तर मूल देवळाच्या पायरीवर किंवा स्टेशनात ठेवायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून कलम 35 आहे. शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांनी मूल वाढवणं शक्य नाही, असं पालक बाल कल्याण समितीपुढे सांगू शकतात. ‘भावनिक’ हा शब्द कायद्यातच आहे. समिती आधी चौकशी आणि समुपदेशन करते, मग करारनामा होतो, आणि त्यानंतरही फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्या मुदतीत मूल परत मागता येतं. आमचा अनुभव असा की समुपदेशनात खरी अडचण बाहेर येते: भाडं थकलंय, औषध परवडत नाही, नवरा निघून गेलाय. तेव्हा प्रायोजकत्वाचा अर्ज तिथेच भरून घेता येतो आणि मूल घरीच राहतं.

समितीपुढे प्रकरण गेलंच तर काय होतं? समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत निदान एक स्त्री हवी. मूल 24 तासांत समितीपुढे आणायचं असतं, प्रवासाचा वेळ सोडून. मग सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हायला हवा. सगळं वजन त्या अहवालाला असतं. कार्यकर्ता घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, शाळेत जातो. बहुतेक घरं इथे चूक करतात ती आजार लपवायची. शेजारीण सांगते, शाळा सांगते, आणि मग लपवलेलं दुप्पट वाईट दिसतं. केसपेपर, औषधांची बिलं, पुढच्या तपासणीची तारीख समोर ठेवा. नियमित उपचार चालू आहेत आणि आजी किंवा आत्या घरात आहे असं दिसलं, तर समाजकार्यकर्त्याच्या देखरेखीखाली मूल घरीच ठेवायचा आदेश समिती कलम 37 खाली देऊ शकते. तो तुम्ही होऊन मागा.

अत्याचार झाला असेल तर

इथे कायदा मुलाइतकाच घराच्या मनाचाही विचार करतो, पण तो भाग पोलीस ठाण्यात सहसा कुणी वाचून दाखवत नाही. पोक्सो 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. त्याचे आताचे नियम 2020 चे आहेत.

पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. गुन्हेगार त्याच घरात राहणारा असेल तर मूल घरात ठेवायचं की नाही, हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं. मुलाचं मत आणि घरातली बाकीची माणसं किती आधार देऊ शकतात, हे त्यात पाहायचं असतं. बाप आरोपी आहे म्हणून मुलाला आईपासूनही तोडायचं, असा याचा अर्थ होत नाही.

मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने समिती एक ‘सहायक व्यक्ती’ देते. तपास आणि खटला संपेपर्यंत ती मुलासोबत असते: कोर्टात कधी जायचं, काय विचारतील, समुपदेशन कुठे मिळेल, सगळं सांगते. नियमांत असंही आहे की समितीने या व्यक्तीकडून दर महिन्याला अहवाल घ्यायचा, आणि त्यात घराची परिस्थिती, शारीरिक, भावनिक आणि मानसिक हाल, आघातातून मूल कितपत सावरतंय, हे सगळं यायला हवं. मानसोपचार आणि समुपदेशन चालू राहील याची काळजीही समितीचीच. घराच्या मानसिक आरोग्यासाठी पोक्सोत याहून मोठं हत्यार नाही. मात्र नेमणूक उशिरा होते. खटला सुरू होतो तरी पत्ता नसतो. एफआयआरच्या दुसऱ्याच दिवशी समितीला दोन ओळींचा अर्ज द्या: ‘सहायक व्यक्ती नेमावी आणि आईसाठीही समुपदेशनाची सोय करावी.’ आईसाठी वेगळं लिहा, कारण न लिहिलं तर सगळे मुलाकडेच बघतात, आणि रात्री तीन वाजता मुलाला कुशीत घेऊन जागी असते ती आई.

जबाब कलम 24 प्रमाणे घरी किंवा मुलाला हवा तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. आणि बडोद्यातल्या मराठी घरांसाठी सर्वांत महत्त्वाचं: कलम 26 प्रमाणे जबाब मूल बोलेल तसाच लिहायचा आणि गरज असेल तिथे दुभाषा घ्यायचा. आपली मुलं शाळेत, गल्लीत गुजराती फडाफडा बोलतात, म्हणून जबाब सरळ गुजरातीत उतरवला जातो. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला शरीराच्या अवयवांची नावं, ‘दुखलं’, ‘कुरवाळलं’, ‘दाबलं’ हे आजीकडून आलेल्या मराठीतच ठाऊक असतं. तिथे चुकीचा गुजराती शब्द पडला की उलटतपासणीत जबाब फिरवल्यासारखा दिसतो. दुभाषांची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असते आणि दुभाषाचा खर्च कुटुंबाने करायचा नसतो. नियमाप्रमाणे तो माणूस मुलाची भाषा आणि राज्याची भाषा दोन्ही जाणणारा हवा. मातृभाषा म्हणून, शाळेत शिकून किंवा त्या भाषेच्या भागात राहून आलेली असली तरी चालते. नातेवाइकाला दुभाषा करू नका, बचाव पक्ष त्यावर बोट ठेवतो.

वैद्यकीय मदतीसाठी एफआयआर किंवा कोर्टाचा कागद आधी आणा, असं कुठलंही रुग्णालय म्हणू शकत नाही. खाजगीसुद्धा. प्रथमोपचार आणि उपचार मोफत करायचे, ही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 ची सक्ती आहे.

पैशाच्या दोन वाटा आहेत. तातडीच्या गरजेसाठी, म्हणजे अन्न, कपडे, जाण्यायेण्याचा खर्च यासाठी, समिती ‘विशेष साहाय्य’ सुचवू शकते आणि शिफारस पोचल्यापासून आठवड्याच्या आत पैसे मिळायला हवेत. दुसरी वाट भरपाईची. विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकतं, आणि आदेशानंतर 30 दिवसांत ती द्यायची असते. रक्कम ठरवताना शारीरिक आणि मानसिक उपचारांचा खर्च, बुडालेली शाळा, पालकाची बुडालेली मजुरी हे सगळं धरतात. त्यासाठी समुपदेशकाची प्रत्येक पावती, रिक्षाची भाडी, रजेचे दिवस तारखेनिशी एका वहीत लिहा आणि अर्जाला जोडा. वही नसेल तर न्यायालय अंदाजाने देतं, आणि अंदाज बहुधा कमीच निघतो.

शाळेबद्दल थोडक्यात: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मार आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे, आणि पोक्सोच्या नियमांप्रमाणे मुलांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायची असते. पालक सभेत ती झाली आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. 1906 साली सयाजीरावांनी सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याआधी 1904 मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा केला. मुलाच्या हितासाठी घरात कायदा शिरतो, हे बडोद्याला नवीन नाही.

कुठलाही अर्ज दोन प्रतींत करा आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. समितीच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येतं. प्रायोजकत्व नाकारलं तर ते कलेक्टरकडे जातं, आणि समितीच्या कामकाजाबद्दलची तक्रारही कलेक्टरच ऐकतात. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्जाला फी नाही. मुलाला आत्ता धोका आहे असं वाटलं तर 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा 112 (आणीबाणीचा नंबर) लावा.